अर्धी पुरी

साक्षगंधाची खरेदी आटोपून दोन्ही घरची माणसं महागावच्या बाजारात गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या गाडीवर थांबली. इंद्रजितनं पाणी न भरता एक सुकी पुरी मागून घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी प्रियंकाच्या हातावर ठेवली. पोरगी लाजून लालेलाल झाली.

"पाहा, आतापासूनच वाटून खाऊन राह्यला!" इंद्रजितच्या आईचं कौतुक उतू चाललं.

प्रियंकाची आई ममता मात्र हातातली पुरी खायची विसरली.

"इंद्रजित, आता एक अख्खी खाऊन दाखव बरं. पाणी भरून."

तो हसत हसत पुढं झाला. पण जबडा बोटभरही उघडेना. पुरी दातांवरच फुटली आणि पाणी शर्टावर सांडलं.

"तंबाखू-सुपारीचा खर्रा खातं?"

"सारेच खातेत, काकू. लग्न झालं की सोडून देतो."

ममतानं साड्यांची पिशवी त्याच्या आईच्या हातात कोंबली.

"पयले खर्रा सोड, डाक्टरले तोंड दाखव. तोवर साक्षगंध होत नाही."

"अवं, एवढ्यासाठी ठरलेलं मोडता? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या! हिच्या बाबानंही मले याच बाजारात अर्धी पुरी दिल्ती. मले वाटलं, माणूस लय जीव लावते. लेकीलेही मी तेच सांगत आली." ममताचा आवाज जराही हलला नाही. "त्याचं तोंडच उघडत नव्हतं, हे मले कॅन्सरच्या दवाखान्यात समजलं."