खरखर काढल्यावर

"बाबा, डोळे मिटा आणि हलू नका," ठमी म्हणाली आणि तिने दोन्ही स्पीकरची तोंडं बाबांच्या डाव्या कानाकडे वळवली.

"कान तपासायला डॉक्टर आहे की गं. तू कशाला?"

उजवा कान केव्हाच गेला होता. डावाही आता निघायच्या घाईत होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आजोबा, जे ऐकायचंय ते लवकर ऐकून घ्या. बाहेर येऊन बाबा म्हणाले, "चला, शेजारच्यांच्या भांडणातून सुटलो." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ठमीला खरं नाव होतं, पण ते फक्त ऑफिसातले वापरत. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढणं हा तिचा धंदा. आणि घरात बाबांच्या तीन रेकॉर्डी, म्हणजे खरखरीचं माहेरघर! एक जॅझची, एक व्हायोलिनवाल्यांची, एक रॉकची. जॅझवाले रॉकला नाकं मुरडतात, व्हायोलिनवाले दोघांनाही. बाबा मात्र तिन्ही सारख्याच भक्तीने ऐकायचे, रोज संध्याकाळी, चहा गार होईपर्यंत.

तिन्ही मैफिली एकाच सभागृहातल्या होत्या आणि बाबा त्या सभागृहाचे दिवेवाले. "जन्मभर दिवे लावले आम्ही," हे ते इतक्या वेळा म्हणत, की पाहुण्यांनी आता हसणंही सोडलं होतं. आईही तिथलीच. मागच्या दाराशी तिकिटं फाडायची. ठमी रांगत होती तेव्हाच ती गेली. लहानपणी ठमीने आईचं काही विचारलं, ती कशी होती, कशी बोलायची, की बाबा उठायचे, एखादी रेकॉर्ड लावायचे आणि म्हणायचे, "ऐक." झालं, विषय बंद! पुढे ठमीनेही विचारणं सोडलं. दुखऱ्या जागेवर कशाला बोट ठेवा?

या तीन रेकॉर्डी बाबांना निदान एकदा तरी धुतल्यासारख्या स्वच्छ ऐकवायच्या, असं तिने मनाशी ठरवलं. पुसून आणते असं सांगून ती त्या घेऊन गेली आणि कितीतरी दिवस बाबांना नुसतं झुरवलं. ओरखड्यांची टकटक, खुर्च्यांची कुरकुर, दाराची कडी, कुणाचा तरी खोकला. माइक मागच्या बाजूला टांगलेला असावा, कारण वाजवणाऱ्यांइतकेच ऐकणारेही आत आले होते. तांदळातले खडे काढावेत तसं तिने एकेक वेचून काढलं. काढलेलं मात्र ती कधी फेकत नसे. ते वेगळं ठेवायचं, त्याला 'कचरा' म्हणायचं आणि शेवटी एकदा ऐकून बघायचं, चुकून सूर तर गेला नाही ना. तिच्या धंद्याची रीतच तशी.

तिने जॅझ लावलं.

ट्रम्पेट आला आणि ठमीच्याच अंगावर काटा आला, इतके दिवस तोच ऐकूनसुद्धा. वाजवणारा जणू खोलीत येऊन उभा होता. अहाहा! माणसाच्या फुंकरीतून हे असं निघतं? मग ट्रम्पेट थांबला. पूर्वी या जागी खरखर असायची. आता नुसती शांतता होती, एवढी मोठी की ठमीला बोलायचीही भीती वाटली.

बाबांनी बोट वर केलं. इथे ते नेहमीच बोट वर करत. ताल धरतात, असं ठमीला वाटायचं. आज ट्रम्पेट पुन्हा सुरू झाला तरी बोट वरच होतं.

"कसं वाटलं?"

"छान गं. छान."

अळणी भाजीला म्हणावं तसं छान. ठमीने व्हायोलिन लावलं. दोन भागांमधल्या शांततेत बोट वर. मग रॉक. ड्रमवर पहिली काठी पडायच्या आधी पुन्हा बोट वर. बाबांनी डोळे उघडले आणि चष्मा हरवल्यासारखं खोलीभर पाहिलं.

ठमीने आवाज बंद केला. "नाही ना आवडलं? एकदा तरी तुम्ही स्वच्छ ऐकावं म्हणून केलं हो."

"वेडी का तू? इतकं साफ मी सभागृहातसुद्धा ऐकलं नव्हतं." बाबा पुढे झुकले. "मधलं काय काय काढलंस?"

"खरखर, कुरकुर, खोकला. सगळा कचरा."

"खोकलाही?"

"तो तर सगळ्यात आधी! तिन्हीकडे, आणि नेमका शांततेत. तुमच्या सभागृहात माणसं यायची की रुग्ण?"

"पडद्यांना धूळ फार असायची," बाबा म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "फेकलास?"

"मी कुठे काही फेकते? आहे ना."

"लाव."

"अहो बाबा, त्यात काही नाहीये."

"हल्ली नीट पोचतच नव्हतं गं माझ्या कानापर्यंत. लाव तू."

म्हाताऱ्याचं काय बिनसलं कोण जाणे, असं मनात म्हणत ठमीने कचरा लावला. टकटक. कुरकुर. कडी. बाबांनी खुर्ची ओढली आणि डावा कान स्पीकरला टेकवला. बोट वर गेलं.

खोकला आला. एकटाच, अगदी जवळून. दाबायचा खूप प्रयत्न करूनही फुटलेला, आणि त्यामागोमाग ओशाळून हसल्यासारखा एक श्वास. बाबांचा चेहरा असा उजळला, की ठमी स्पीकर सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. ट्रम्पेटला हे भाग्य कधी लाभलं नव्हतं. दुसरा खोकला आला. मग तिसरा. तोच खोकला, तेच हसू.

"कोण आहे हे?" ठमीने विचारलं.

बाबांना तिचंच नवल वाटलं. "कोण म्हणून काय विचारतेस, ठमे? एवढीशी होतीस, आईचं विचारायचीस, तेव्हा हेच तर ऐकवायचो ना तुला!"