हौसाची टाळू

नाटे गावच्या सगुणाची लेक हौसा जन्मली तीच दुभंगलेली टाळू घेऊन. प्यालेलं दूध नाकातून यायचं आणि बोललेलं आईलाही कळायचं नाही. चौतीस साली रत्नागिरीच्या डॉक्टर गद्रेंनी ती टाळू शिवली.

जखम भरल्यावर मायलेकी दाखवायला आल्या. सगुणानं डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं. “माज्या पोरीला वाचा दिलीत तुमी,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

डॉक्टरांनी चमच्यानं हौसाची जीभ दाबून पाहिलं. टाळू एकसंध झाली होती. मागे पडजीभ नीट लोंबत होती.

“फार उपकार झाले,” पोरीच्या घशातून एका वयस्क बाईचा आवाज आला.

हौसाचे ओठ उघडेच होते. जीभ चमच्याखाली तशीच दबलेली होती.

सगुणानं डोळे पुसून पुन्हा हात जोडले.

“ही हौसा नाय, ती दुसरी. आता तिचंपण बोलणं कळतं.”