मधला तुकडा

"जेवलास का?" म्हाताऱ्या फिलिस्ताने विचारलं.

टेस्के हो म्हणाला. सकाळीच यजमान नेमुएलच्या घरी त्याने तारोचे भाजलेले कंद पोटभर खाल्ले होते.

"तुम्हाला नाही विचारलं," नेमुएल हळूच म्हणाला.

म्हातारी टेस्केकडे बघतच नव्हती. समोरच्या चटईवर बंदुकीचा लाकडी दस्ता ठेवला होता, त्याच्याकडे बघत होती. नारळाच्या दुधात शिजवलेला मासा पानावर वाढून तिने तो दस्त्याजवळ सरकवला.

एर्विन टेस्के क्वीन्सलंडहून मलैता बेटावरच्या या गावी आला होता. एका वेळी एकच गोळी भरता येते अशा जुन्या रायफली तो जमवायचा आणि त्यांचं कूळ शोधत बसायचा. ही स्नायडर रायफल त्याने एका लिलावात घेतली होती. विलायतेत घडलेली, क्वीन्सलंडच्या दुकानात विकलेली, ऊसतोडीला आलेल्या कुणा बेटकऱ्याने मजुरीच्या पैशांतून घेतलेली. एवढं त्याला कळलं होतं. दस्त्यात शिंपल्यांचे तुकडे बसवून कोणी तरी एक पक्षी केला होता. तो कोणाच्या हातचा, हे मात्र कोणालाच सांगता येईना. शेवटी राजधानी होनिआराच्या बाजारात लाकडी वस्तू विकणाऱ्या एकाने फोटो पाहून या गावाचं नाव घेतलं. या देशात बंदूक आणायला बंदी, म्हणून टेस्केने नळी आणि खटका घरीच ठेवून नुसता दस्ता आणला.

होडीतून उतरताना नेमुएलने त्याची थट्टा केली होती. "आम्हाला होडीला इंजिन मिळत नाही, आणि तुम्ही जुनी लाकडं घेऊन समुद्र ओलांडता."

दस्त्यावरचं फडकं निघालं तेव्हा मात्र नेमुएलने डोक्यावरची टोपी काढली. कुणीतरी रेडिओ बंद केला. बायकांनी पोरं उचलली आणि त्या मुकाट्याने आत गेल्या. टेस्के दस्ता जमिनीवर ठेवायला वाकला, तर नेमुएलने त्याचा हात धरला. त्याने चटई आणून अंथरली आणि दस्ता त्यावर आडवा निजवला.

"डोकं डोंगराकडे," फिलिस्ता म्हणाली, तशी त्याने दिशा बदलली.

आता पान वाढून झाल्यावर टेस्के चटईच्या कडेला बसला.

"हे काम कोणाचं?" त्याने विचारलं. एवढ्यासाठीच तर तो आला होता.

"माझ्या आज्याचं, माएलाउआचं," फिलिस्ता म्हणाली. "तो आणि त्याचा धाकटा भाऊ ओफासिया, दोघं मिळून उसावर गेले. ओफासिया तिकडेच मेला. मळ्याच्या कडेला पुरायला निघाले, तेव्हा आज्याने त्याची करंगळी काढून घेतली. त्याला परक्या मातीत एकटं कसं टाकायचं? ते हाड घासून त्याने या पक्ष्याच्या छातीत बसवलं आणि भावाला घरी आणलं. रोज संध्याकाळी आधी त्याला वाढायचा, मग स्वतः जेवायचा. पुढे सरकारने गावोगावच्या बंदुका गोळा केल्या, त्यात हाही गेला. आज्या होडीमागे गळ्याइतक्या पाण्यात चालत गेला होता म्हणतात."

तिने डोळे मिटले आणि पक्ष्यावरून बोटं फिरवू लागली. शेपूट, पंख, मान. छातीवर आल्यावर बोट थांबलं. पुन्हा एकदा फिरलं. मग तिने हात मागे घेतला.

"हा शिंपला आहे," ती म्हणाली. "तो कुठे आहे?"

मी घेतली तेव्हापासून असंच आहे, असं टेस्केला सांगता आलं असतं. इथे कोणाला कळणार होतं? पण म्हातारी डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती. आल्यापासून पहिल्यांदाच.

"मधला तुकडा पहिल्यांदा पुसतानाच निसटला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, देवमाशाचा दात असेल. माझ्या बायकोला आवडला. तिला मी त्याची अंगठी करून दिली. सोनाराकडून इथे शिंपला बसवून घेतला."

"बोलाव तिला."

"ग्वेंडा गेल्या हिवाळ्यात गेली. अंगठी बोटातून निघेना. तशीच पुरली."

नेमुएलने मान खाली घातली. म्हातारीने विचारलं, "शेवटी काही बोलली ती?"

हे टेस्केने कोणाला सांगितलं नव्हतं, मुलीलासुद्धा नाही.

"इस्पितळात ती सारखं दुसरं पांघरूण मागायची. मी तिच्या अंगावर घातलं की बाजूला सारायची. म्हणायची, माझ्यावर नको एर्विन, ह्याच्यावर घाल, गारठलाय बिचारा. औषधांमुळे बरळत असेल, असं मला वाटलं. तिच्या समाधानासाठी मी पलंगाच्या रिकाम्या बाजूवर पांघरूण घालायचो. मग तिला झोप लागायची."

फिलिस्ताने तोंडावर हात धरला. तिने डोळे पुसले आणि चटईवरचं माशाचं पान उचलून टेस्केच्या हातात दिलं.

"ओफासिया थंडीनेच मेला," ती म्हणाली. "मळ्यावर त्याला कोणी पांघरूण दिलं नाही. तुझी बायको पहिली."