दुसरी पट्टी

“आक्का, झुरळं पाळलीस का ह्यात?”

गणराजने कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि नाकाला रुमाल लावला. आतून एक झुरळ निघालं आणि भिंतीवर चढलं. त्याने पायातली चप्पल काढून ते भिंतीवरच चिरडलं आणि चप्पल पुन्हा पायात घातली.

कस्तुराला ओशाळल्यासारखं झालं. भोसरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान असलेला तिचा पाठचा भाऊ रविवारी गिऱ्हाइकं सोडून दिघीपर्यंत आला होता. चपला घालून घरात शिरला, गुटख्याची पुडी पलंगावर टाकली, तरी ती गप्प बसली. दुसऱ्या कुणाला तिने उंबऱ्यावरच धारेवर धरलं असतं. परभणी सोडल्यापासून माहेरचं म्हणून हे एकच माणूस जवळ होतं, त्यामुळे त्याला सगळं माफ होतं.

“आणि हे काय फासलंय?” गणराजने आतल्या पंख्यावर बोट घासलं. पंख्याच्या मधोमध केशरी ठिपका होता. “शेंदूर? मारुती समजलात का काय ह्याला?”

“दसऱ्यात लावलाय,” कस्तुरा म्हणाली. “तुझ्या दाजींचं माहितीय ना. पूजा आतून करायची म्हणतात, झाकणाला हात जोडून काय उपयोग? कुंकू संपलं होतं, मग तेलात शेंदूर कालवला.”

तिचा नवरा भीमराज चाकणच्या कंपनीत फिटर होता. कंपनीत यंत्रांची पूजा होते तशी घरीही व्हायला हवी, हा त्याचा हट्ट. त्याने लेकीला, तेजलला, झाकण काढायला लावलं होतं आणि कस्तुराने समोर दिसेल त्या प्रत्येक भागाला बोटाने ठिपका दिला होता. कशाला काय म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

गणराजने फडक्याने ठिपका घासला. तो हलला नाही. “शी!” म्हणून त्याने फडकं बाजूला भिरकावलं.

तेजल खुर्चीत पाठ करून बसली होती. कस्तुराला लेकीकडे बघवत नव्हतं. गेले आठ दिवस तिला त्या पोरीची शिसारीच बसली होती.

दिवाळीनंतर गणराजने कॉम्प्युटर साफ करायला दुकानात नेला होता. साफसफाई झाल्याचं काही दिसलं नाही, उलट परत आल्यापासून तो रडतखडत चालत होता. तेजल एका ऑफिससाठी घरून यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करायची. एखादं मोठं ड्रॉइंग उघडलं की पडदा जागच्या जागी थिजायचा. उद्या, सोमवारी ड्रॉइंग पोचलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं ऑफिसने बजावलं होतं. पहिलीच नोकरी, ती अशी हातची चालली होती.

आणि मागच्या रविवारी मामा जेवायला बसलेला असताना ती म्हणाली, “रॅमच्या दोन पट्ट्या होत्या आत. आता एकच आहे. मामाने दुसरी काढून घेतली.”

सख्ख्या मामाला चोर म्हणाली, तेही भरल्या ताटावर! कस्तुराने तिच्या थोबाडीत दिली. “माफी माग,” ती म्हणाली. तेजलने भिंतीकडे बघत माफी मागितली आणि तेव्हापासून आईशी बोलणं सोडलं. चार पुस्तकं शिकली, दोन पैसे मिळवायला लागली, की माणसं अशी नासतात, असं कस्तुराला वाटलं होतं.

गणराजने मात्र मोठ्या मनाने सोडून दिलं. “जाऊ दे आक्का, लेकरू आहे. खाचा दोन असतात, त्यातली एक रिकामीच येते. तिला काय कळतंय? नवी पट्टी घातली की पळेल बघ. पण भाव लई कडाडलेत, बाजारात मालच न्हाई. तुझ्यासाठी बघतो कुठंतरी.”

मग घरात आठवडाभर धुसफूस चालली. भीमराज म्हणाला, जुन्या डब्यावर कशाला उधळपट्टी? तेजल बापाला म्हणाली, “मला नवी नको, माझी होती ती हवी.” शेवटी कस्तुरानेच ठरवलं. तिने भिशीचे पैसे काढले आणि भावाला फोन केला. पोरगी कशीही वागो, तिचं काम बुडायला नको होतं.

आता गणराजने खिशातून चंदेरी पाकीट काढलं. “एकदम कोरी. तुझं नशीब म्हणून मिळाली.” दोन बोटांत धरून त्याने ती हिरवी पट्टी खाचेकडे नेली.

“थांब,” कस्तुरा म्हणाली. “नवी वस्तू घरात येतीय. कुंकू लावते.”

“नको गं! खराब होईल ती.”

“एवढंसं. वर कागद चिकटवलाय ना, त्यावर लावते.”

नको नको म्हणेपर्यंत तिने पट्टी त्याच्या हातातून घेतली. देवघरातला करंडा आणला, बोटावर कुंकू घेतलं आणि कागदाची बाजू शोधायला पट्टी उलटी केली.

मागच्या कागदावर ठिपका आधीच होता. केशरी. तिने नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

कस्तुराने पंख्याकडे पाहिलं, पुन्हा हातातल्या पट्टीकडे पाहिलं. गुटख्याचा वास, भिंतीवरचं झुरळ, घरभर फिरलेली ती चप्पल, सगळ्याची एकदम किळस आली. लेकीवर उठलेल्या स्वतःच्या हाताचीही आली.

“काय झालं आक्का?” गणराजने तोबरा ह्या गालातून त्या गालात सारला.

ती तेजलजवळ गेली आणि पट्टी तिच्या हातात ठेवली, ठिपका वर करून. तेजल बघतच राहिली.

“माफी माग,” कस्तुरा म्हणाली.

तेजलने दचकून मान वर केली. आई तिच्याशी बोलत नव्हती. ती भावाकडे बघत होती.