कुमुदच्या कपाळावरची पट्टी

"चहात साखर राहिली का गं?" दिगंबरने विचारलं.

कुमुदच्या कपाळावरची पट्टी लुकलुकली आणि तिच्यातून आवाज आला. "इन माय ओपिनियन, इट इज विदाउट एनी शुगर."

"बाबा, आई बोलली!" म्हणत लेक रेवती हरखून ऑफिसला निघाली.

अर्धांगवायूने कुमुदची वाचा नेली होती. तिच्या मनातला एखादा शब्द टिपून पट्टी उरलेलं वाक्य छापील इंग्रजीच्या ठरावीक साच्यांतून जुळवायची. मराठीची पट्टी अजून कुणी बनवलीच नव्हती.

"मी कोण गं तुझा?" त्याने हळूच विचारलं.

"यू आर ऑलवेज इन माय हार्ट."

दवाखान्यात शेजारच्या खाटांवरच्या, अशाच पट्ट्या लावलेल्या बायकाही आपापल्या नवऱ्यांना अगदी हेच म्हणाल्या होत्या. दिगंबरने पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"आता तू बोल. नेहमीसारखं म्हण, ‘शुंभा, साखर कोण घालणार?’"

तिचे ओठ थरथरले. "शुं... शुं..." डोळे भरून आले. चहावर साय धरली, तरी तो थांबून राहिला.

शेवटी तिनेच पट्टी उचलून कपाळाला लावली.

"इन एनी केस, थँक यू फॉर द टी."

उभ्या संसारात तिने त्याचे आभार कधी मानले नव्हते.