सोवळ्याचा मिक्सर

विमलाबाईंनी बटण खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं. मिक्सर ढिम्म हलला नाही.

“वेदश्री!” त्या ओरडल्या. “करंट गेला का गं?”

“नाही आई. फ्रीज चालू आहे की.”

चालू होताच. बाहेर बोळकांडीत ठेवलेला तो जुना फ्रीज दमेकऱ्यासारखा घुरघुरत होता. त्यात उरलंसुरलं ठेवतात म्हणून स्वयंपाकघरात त्याला कधी जागाच मिळाली नव्हती. म्हणजे बिघाड त्या एका प्लगात होता, आणि तोही नेमका आज, विठ्ठलरावांच्या श्राद्धाला. भटजींना आणायला मुलगा, सुमंत, धारवाडला गेलेला. भिजलेली उडदाची डाळ भांड्यात तशीच. वड्यांशिवाय पान वाढायचं कसं?

विमलाबाई पहाटेच डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं गॅसपुढे उभ्या राहिल्या होत्या. दाजीबानपेठेतल्या त्या गल्लीत त्यांच्या सोवळ्याचा दरारा होता. त्यांचा नळ सोवळ्याचा, गॅस सोवळ्याचा आणि मिक्सरही सोवळ्याचा. एरवी तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळून फळीवर बसायचा. घरात इतका मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

“हॉलमधल्या प्लगाला लावून वाटून देऊ का?” सुनेनं उंबऱ्याबाहेरून विचारलं.

“दे की! आणि सासऱ्याला ओवळ्यातले वडे घाल. माहेरी कलघटगीला हेच शिकवलं का तुझ्या आईनं?”

वेदश्रीनं फोन हातात घेतला. उलट उत्तर न देणं तिला छान जमायचं.

“मग नागेशला बोलावू?”

“त्या वायरमनला? सगळ्या हुबळीची धूळ पायाला लावून तो माझ्या स्वयंपाकघरात येणार? आज?”

“फोनवर विचारते नुसतं.” वेदश्रीनं फोन कानाला लावलासुद्धा. “नागेशण्णा, अडगी मन्याग करंट इल्ल नोड्री... हां... हां री...”

स्वयंपाकघरात करंट नाही, हे तिनं कानडीत सांगितलं; पलीकडचं विमलाबाईंना काही ऐकू आलं नाही.

“तो म्हणतो, आत वायर सुटली असेल. बोर्डाचे स्क्रू काढायचे आणि वायर परत जागी बसवायची. सोपं आहे म्हणे. मीच केलं असतं, पण...”

“पण उंबरा ओलांडायचा नाही,” विमलाबाई म्हणाल्या.

श्राद्धाच्या स्वयंपाकाला वेदश्रीचा हात लागायचा नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. जिची कूस उजवली नाही तिच्या हातचं पितरांना पोचत नाही, असं त्या चारचौघींत सांगत. दिवस तसे एकदा गेले होते. मागं गौरीच्या नैवेद्याची घाई चाललेली असताना वेदश्री ह्याच उंबऱ्यात घसरून पडली. पाचवा महिना होता. तिनं हात पुढे केला, तेव्हा विमलाबाईंनी पदर आवरून घेतला. शेजारच्या जनाबाईंना हाका मारल्या. त्या येईपर्यंत सोवळं मोडलं नाही आणि पुरणही लागू दिलं नाही. नंतर घरात जे व्हायचं ते झालं. देवाच्याच मनात नव्हतं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सून त्यावरून एका शब्दानं भांडली नाही, ह्याचं मात्र त्यांना कौतुक वाटलं होतं.

हल्ली तर पोर चांगलीच वळणावर आली होती. काल संध्याकाळी न सांगता तिनं स्वयंपाकघर धुऊन काढलं. मिक्सरमागची भिंतसुद्धा पुसली. “उद्या तुमची धांदल व्हायला नको,” म्हणाली.

आताही स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात तयारच होता. तिनं तो उंबऱ्यावर ठेवला आणि ती दोन पावलं मागे सरली. विमलाबाईंनी त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि मगच तो उचलला.

“आधी मेन बंद कर जा. मी काही खुळी नाही.”

“हो आई.”

वेदश्री पुढच्या पडवीत गेली. खट् असा आवाज आला. “केलं हो!”

विमलाबाईंनी एकेक स्क्रू काढून ओट्यावर मांडला. ओल्या बोटांतून दांडा निसटत होता, पण त्यांना हुरूप आला होता. विठ्ठलरावांनी जन्मात कधी बल्ब बदलला नव्हता. आज त्यांच्या नावाच्या वड्यांसाठी बायको बोर्ड खोलत होती. वरून बघत असतील तर बघू देत.

झाकण निघालं. आत लाल वायर मोकळी लोंबत होती.

“सुटलीय गं! उंदरानं ओढली वाटतं.”

“लाल का?” वेदश्री परत उंबऱ्याशी येऊन उभी होती.

“लालच.”

“तीच म्हणाला नागेश. तिचं टोक धरायचं आणि भोकात सारायचं. चांगलं घट्ट धरा हं आई, नाहीतर पुन्हा सुटेल.”

“कळतं मला. तू पानं पुसून ठेव. सुमंत येईलच.”

अनवाणी पाय ओल्या फरशीवर रोवून विमलाबाईंनी ओचा सावरला, आणि वायर चिमटीत धरली.

चिमूट सुटेना. दातखीळ बसली. हाक घशातच अडकली. सगळं अंग लाकडासारखं ताठलं, तरी दुसरा हात कसाबसा उंबऱ्याकडे पुढे झाला. थरथरत, बोटं पसरून. उंबऱ्यापलीकडे वेदश्री उभी होती. तिच्या पाठीमागे फ्रीज घुरघुरत होता.

वेदश्रीनं ओढणी आवरून घेतली.

“सोवळं मोडेल, आई,” ती म्हणाली.