एका चार्जचा पल्ला

“वर्षातला सगळ्यात लांबचा प्रवास कोणता?” विक्रेत्याने विचारलं.

“आईला दादाकडे पोचवायचा,” धाकटा म्हणाला. “घाटापलीकडे.”

आई तिथेच होती. शोरूमचा सोफा इतका खोल होता, की त्यात बसल्यावर तिला उठवायला दोघं लागली असती. म्हणून ती समोर मांडलेल्या दोन इलेक्ट्रिक गाड्यांपैकी छोटीच्या मागच्या सीटवर बसली होती. दार उघडं, पाय बाहेर.

वडील गेल्यावर दोघा भावांनी ठरवलं होतं. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. ज्याची पाळी संपते त्याने पोचवायचं. न्यायला कोणी यायचं नाही. भावाभावांत एरवी कशावरही वाद होई, यावर कधी झाला नाही. आईंना यात कोणी विचारलं नव्हतं. धाकट्याच्या घरामागच्या तुकड्यात त्या टोमॅटो, मिरच्या लावत आणि फळ धरायच्या सुमाराला थोरल्याकडे जात. तिथे चौथा मजला होता आणि लिफ्ट नव्हती. एकदा वर चढल्या की पाळी संपेपर्यंत त्या खाली उतरत नसत. खिडकीतून दिसणारी खालची मुलं मात्र त्यांना नावानिशी ठाऊक होती. पुढच्या महिन्यात पाळी बदलायची होती.

“मग मोठीच घ्या, साहेब,” विक्रेता म्हणाला. “एका चार्जमध्ये आरामात घाट ओलांडून जाल. छोटीचं खरं सांगू का? सपाटीवर उत्तम, घाटात धाप लागते. आणि घाटात चार्जिंगचं स्टेशन अजून झालेलं नाही.”

“छोटी पुरते,” सून, म्हणजे धाकट्याची बायको, म्हणाली.

सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. पाण्यात काय आहे आणि किती आहे, एवढंच सांगायचं तिचं काम. घरात तिला कोणी अंदाज विचारत नसे, कारण ती अंदाज सांगत नसे.

“ऑफिस, शाळा, बाजार, आईंचा डोळ्यांचा डॉक्टर,” ती म्हणाली. “सगळीकडे एसी लावून धरलं. मधे कुणी आजारी पडलं, तर हॉस्पिटलच्या फेऱ्या धरल्या. बॅटरी जुनी होऊन थोडी उतरली, असंही धरलं. तरी एका चार्जमध्ये दोन दिवस निघतात.”

विक्रेत्याने मान हलवली. गिऱ्हाईक असं बोलायला लागलं, की मोठी गाडी विकली जात नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

“मोठी घे रे,” सासूबाई आतून म्हणाल्या. “हिचं ऐकशील, तर मला अर्ध्या घाटात उतरवून ठेवाल.”

“घाटात थंडी असते, आई,” सून म्हणाली. “बॅटरी अर्ध्याच्या आधीच उतरेल.”

“ऐकलंस? वर तोंड करून सांगतेय.” सासूबाई आता विक्रेत्याशी बोलू लागल्या. “हिच्या हातून पैसा सुटत नाही हो. लग्नात घेतलेली कात्री अजून वापरते.”

“अजून कापते ती,” सून म्हणाली.

धाकटा मोठ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. तो हात त्याने आल्यापासून काढला नव्हता. “जुनी गाडी आपण यांनाच देऊन टाकतोय. मग आईने जायचं कशाने?”

“मी बसने जाईन की,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्यासाठी कोणी अडून बसू नका.”

“बस लागते तुम्हाला,” सून म्हणाली. “मागे ड्रायव्हरला घाटात गाडी थांबवावी लागली होती.”

“एकदाच.”

“दोनदा.”

सासूबाईंनी पाय आत घेतले आणि त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसल्या. ही सून आपल्याला पिशवी हातात देऊन बसमध्ये चढवणार, हे त्यांना आता स्पष्ट दिसत होतं. तक्रार करायची नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. बरोबर लिंबू ठेवायचं आणि खिडकीची जागा बघायची.

“एक मिनिट,” धाकटा म्हणाला. “तू सगळं धरलंस. आईला पोचवायचं धरलंस का?”

“नाही.”

धाकट्याने बॉनेटवरचा हात काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायकोच्या हिशोबात त्याला कधी चूक सापडली नव्हती. आज सापडली होती, आणि तीही साक्षीदारासमोर. तो सावकाश बोलला. “म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा प्रवासच तुझ्याकडून राहिला.”

“राहिला नाही,” सून म्हणाली. “धरला नाही.”

धाकट्याने मोठ्या गाडीकडे पाहिलं. छोटीकडे पाहिलं. छोटीच्या मागच्या सीटकडे त्याने जरा जास्त वेळ पाहिलं.

“दादाला काय सांगू?” त्याने हळूच विचारलं.

“गाडी पोचत नाही म्हणून सांग.”

विक्रेत्याने घसा साफ केला. मोठी गाडी हातची गेली होती, पण एक गाडी तर जात होती. “छोटीत लाल आणि पांढरा लगेच मिळेल,” तो म्हणाला. “बाकी रंगांना थांबावं लागेल.”

“लाल,” धाकटा म्हणाला. काहीतरी आपणही ठरवावं, असं त्याला वाटलं असावं.

“लाल नको,” मागच्या सीटवरून आवाज आला. “चार-पाच वर्षांत विटतो.”